भिंगरीची बंदूक आणि पाव वळसा

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी भलतेच सुधारले होते. म्हणजे एकमेकांना खाणं त्यांनी सोडलं नव्हतं. खाणं ही खासगी बाब आहे, असं त्यांच्या ठरावात लिहिलं होतं. पण भांडणं मात्र सभ्यपणे करायची, असं ठरलं. शिंगं, सुळे, नख्या सगळं बंद. दोघांचं वाजलं, की दोघांनी रंगबंदुका घेऊन रविवारी माळावर यायचं. रंगाची गोळी ज्याच्या अंगावर आधी फुटेल, तो हरला. त्याने शेपूट वर करायची आणि मुकाट्याने घरी जायचं.

हसताय काय? तुमच्याकडे भांडण मिटवायची याहून शहाणी पद्धत आहे का? नाही ना? मग ऐका.

त्या जंगलात भिंगरी नावाची पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे हरणासारखं दिसणारं, पण सशाहून जेमतेम मोठं जनावर. पान हललं तरी दचकणारं. ओढ्याकाठी करवंदीची एक दाट जाळी होती. तिच्यात भिंगरी आणि तिचं आठ दिवसांचं पाडस राहायचं.

ती जाळी मुसंडीराव रानडुकराच्या डोळ्यांत भरली.

"ही जाळी मला लोळायला पाहिजे," तो म्हणाला. "रविवारी माळावर ये."

जाळी गेली तर पाडसाला घेऊन उघड्यावर राहावं लागणार. आणि उघड्यावरच्या पाडसाचं पुढे काय होतं, ते ठरावातल्या त्या खासगी बाबीत मोडत होतं. भिंगरीने जन्मात बंदूक धरली नव्हती. तरी तिने एक मागवली.

गुरुवारी बंदूक आली. तिला एक स्क्रू वेगाचा होता. दुसरा स्क्रू चाप हलका किंवा जड करायचा. शिवाय एक खटका होता. त्यावर तीन खुणा होत्या : एकेक, तीन-तीन आणि धडाधड. सोबत एक पुस्तिका होती. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'नवशिक्यांनी खटका एकेकवर ठेवावा. स्क्रू एका वेळी फक्त पाव वळसा फिरवावा. मग वेग मोजावा. मगच पुढचा पाव वळसा.'

भिंगरी पुस्तिका वाचायला बसणार, तेवढ्यात मंडळी आली. कारण त्या जंगलात अशी रीत होती, की नवी वस्तू घरी आली की शेजाऱ्यांचं तोंड गोड करायचं. आणि ज्याचं तोंड गोड झालं, त्याला ती वस्तू हाताळून, फिरवून, दोन शब्द सुनावून जायचा हक्क. भिंगरीने पानावर करवंदं ठेवली.

पहिले आले हुप्पेसर वानर. ते अकरा वर्षं नेमबाजीचा वर्ग चालवत होते. स्वतः माळावर कधी उतरले नव्हते, कारण त्यांना वेळच मिळत नसे.

"वेग!" ते म्हणाले. "सगळा खेळ वेगाचा आहे, भिंगरी." आणि त्यांनी वेगाचा स्क्रू दोन वळसे पिळला.

"सर, पुस्तिकेत पाव वळसा..."

"पुस्तिका लिहिणारा कधी माळावर आलाय का?"

मग झिपरेकाका अस्वल आले. "चाप कसा लोण्यासारखा पाहिजे गं पोरी," म्हणत त्यांनी दुसरा स्क्रू पार ढिला करून टाकला. शेवटी तुरेसाहेब आले. हे मोर. त्यांनी खटका बघितला आणि त्यांना अगदी कसंतरीच झालं.

"एकेक? शी! आपण काय इतके गेलेलो आहोत का?" त्यांनी खटका धडाधडवर नेला.

भिंगरीने आणखी करवंदं पुढे केली. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? तुम्ही तरी म्हणता का? मनात म्हणता, ते मला माहीत आहे.

शुक्रवारी ती माळाच्या फाटकावर गेली. तिथे कासवआजोबा वेग मोजायचं यंत्र घेऊन बसत. सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांच्या वर गोळी गेली की ते आत सोडत नसत. कारण मग गोळी नुसती रंगवत नाही, अंग फोडते. भिंगरीने बंदूक उचलली. भीतीने तिचे पाय थरथरत होते. थरथर चापापर्यंत पोचली आणि बंदूक आपली आपणच सुरू झाली. निम्म्या गोळ्या नळीतच फुटल्या. उरलेल्या भलतीकडेच गेल्या. एक आजोबांच्या पाठीवर फुटली.

"तीनशे चाळीस," आजोबा शांतपणे म्हणाले. "कोणी लावून दिली?"

"तिघांनी."

"वाटलंच. आणि रविवारपर्यंत ते पुन्हा येणार."

भिंगरीला रडू आलं. ती पोटभर रडली. मग तिने नळी पुसली आणि पुस्तिका उघडली. पाव वळसा उलटा, मोजणी. पुन्हा पाव वळसा, पुन्हा मोजणी. आजोबांना काही घाई नव्हती. त्यांना कधीच नसते. तिन्हीसांजेला वेग दोनशे साठवर आला. खटका तिने एकेकवर नेला. चापाचं तिने स्वतःच ठरवलं. मी थरथरते, तेव्हा माझा चाप जडच बरा.

शनिवारी सकाळी तिघे पुन्हा येताना दिसले. पण भित्र्या जनावरांना युक्ती लवकर सुचते, कारण पळता पळता विचार करायची त्यांना सवय असते. तिने बंदूक जाळीत सारली आणि हसून पुढे झाली.

"सर, तुमचा हात लागला आणि वेग थेट तीनशे चाळीसवर! काका, चाप असा झाला की खूर लावायच्या आधीच गोळी सुटते. आणि साहेब, गोळ्यांचा डबा बघता बघता रिकामा!"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तिघांच्या छात्या फुगल्या.

"फक्त एक गोष्ट मनाला लागते," भिंगरी म्हणाली. "मुसंडीरावांना सांगणारं कोणीच नाही हो. बिचारे अजून एकेकवरच आहेत. उद्या मी जिंकले तर जंगल म्हणेल, विद्वानांनी पक्षपात केला."

"छे छे छे!" हुप्पेसर कळवळले. "ज्ञान सर्वांसाठी असतं!"

आणि तिघे धावतच ओढ्यापलीकडे गेले. मुसंडीरावाची बंदूक तशी उत्तम चालत होती. पण एवढी मोठी मंडळी आपण होऊन दारात आली, म्हणजे जिंकणार आपणच, असं त्याला वाटलं. त्याने तोंड गोड केलं. तिघांनी संध्याकाळपर्यंत स्क्रू पिळले.

रविवारी फाटकावर कासवआजोबांनी त्याला अडवलं. "तीनशे साठ. चालणार नाही." तिघांनी तिथल्या तिथे वेगाचा स्क्रू उलटा पिळला आणि कसाबसा दोनशे एकोणऐंशीवर आणला. मोजताना फुटलेल्या गोळ्यांचा रंग नळीत तसाच राहिला. पुसायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. नळी पुसण्यात कसली विद्वत्ता?

शिट्टी झाली. मुसंडीरावाने मुसंडी मारली, आणि दुसऱ्याच पावलाला त्याची बंदूक आपली आपणच सुटली. धडाधड! रंगाने बरबटलेल्या नळीतून गोळ्या वाकड्यातिकड्या निघाल्या. एक हुप्पेसरांच्या कपाळावर. दोन झिपरेकाकांच्या पाठीवर. सात तुरेसाहेबांच्या नुकत्याच फुलवलेल्या पिसाऱ्यावर. नियमाप्रमाणे तिघे शेपट्या वर करून माळाबाहेर निघाले. काकांना शेपूट शोधायला जरा वेळ लागला.

"खांदा सैल सोड!" जाता जाता हुप्पेसर ओरडत होते.

इतक्यात डबा रिकामा झाला. मुसंडीराव चाप ओढत राहिला. खट. खट. खट.

भिंगरी वारुळाआडून बाहेर आली. ती नखशिखांत थरथरत होती. जड चाप तिने दोन्ही खुरांनी ओढला. एकच गोळी सुटली, नीट सरळ गेली, आणि मुसंडीरावाच्या नाकावर फटकन फुटली. हिरवी होती.

मुसंडीरावाने शेपूट वर केली. भिंगरी मात्र निकाल ऐकायलाही थांबली नाही. ती धावत जाळीत गेली आणि झोपलेल्या पाडसाला इतकं चाटलं, की ते जागं होऊन कुरकुरलं.

पुढे काय झालं म्हणता? हुप्पेसरांनी वर्गाच्या पाटीवर लिहिलं, 'कालच्या विजेत्या भिंगरी यांचे मार्गदर्शक'. ती पाटी वाचून पहिलं नाव कोणी घातलं ठाऊक आहे? मुसंडीरावाने. तो म्हणाला, "सरांनी सगळं नीटच सांगितलं होतं. मीच शिकायला कमी पडलो."

तात्पर्य : बाळांनो, थोरामोठ्यांचा सल्ला कधीही वाया घालवू नये. तो हसतमुखाने घ्यावा, दोनदा आभार मानावेत, आणि उन्हं कलायच्या आत शत्रूच्या घरी पोचता करावा.