दिगंबरकाकांचे छर्रे

आमच्या बरकतपुऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये सकाळी घरोघरी तांदूळ निवडतात, दिगंबरकाका छर्रे निवडतात. एअर पिस्तुलाचे, शिशाचे, चपट्या तोंडाचे. गॅलरीत स्टीलचं ताट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, शेजारी सोनाराकडचा जुना काटा. एकेक छर्रा चिमट्यानं उचलायचा, तोलायचा, त्याची कड बघायची आणि डबीत टाकायचा. टाकायचा कसला, निजवायचा!

मी एकदा भोळेपणानं ताटात हात घातला. काका किंचाळलेच, "नक्को! हौला झालास काय, येड्या? शिसं मऊ असतंय. कड दबली की गेला कामातून!"

चपटंच तोंड का, हे त्यांना विचारू नये. मी विचारलं आणि चहा निवून गेला. सार इतकंच, की दुसरे छर्रे निशाण्याचा कागद फाडतात, चपटा मात्र गोल भोक कापतो, मग गुणांवरून भांडण नाही. "काम कसं साफ पायजे," हे त्यांचं पालुपद. मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीतल्या पुऱ्यांच्यासुद्धा कडा तपासल्या होत्या.

यंदा सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात रुसला. बोटांना स्पर्शच कळेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या, हात परत येईल. रबरी चेंडू दिला, तो काकूंनी भिरकावला. "आता लेकरांचे खेळ खेळू का मी?" म्हणून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ताटासमोर काकू! "माझी नजर गेली बघ, सुमन. रविवारी क्लबात मॅच है. तूच निवड, नाहीतर माझी इज्जत जाते," काका काकुळतीनं सांगत होते. काकूंच्या बोटांतून छर्रे टपाटप फरशीवर पडत होते आणि हा गृहस्थ ते उचलून, फुंकर मारून डबीत ठेवत होता.

रविवारी मीही त्या नेमबाजीच्या क्लबात गेलो. दबलेले छर्रे वाट्टेल तिकडे गेले. काका शेवटून पहिले आले. मित्रांनी यथेच्छ चिडवलं. "उमर झाली यार," एवढंच ते म्हणाले. घरी येऊन मात्र ऐटीत सांगितलं, "फर्स्ट क्लास गेले तुझे छर्रे!"

असे कितीतरी रविवार काका हरत राहिले. काकू रोज ताटापाशी बसत राहिल्या.

परवा पेपर मागायला गेलो, तर काकू उजव्या हाताच्या चिमटीत एक छर्रा धरून हळूहळू फिरवत होत्या. डोळे मिटलेले. हात थरथरत होता, पण छर्रा पडला नाही.

"अहो, ह्याची कड दबलीये. बोटाला लागतीये. हा नका घेऊ."

काकांच्या डोळ्यांना धार लागली. ती लपवायला ते माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभा हौल्यासारखा? आत जा, चाय ठेव! ह्या रविवारी मी हारतच नै!"