इंजिन आधी चालवून बघू

“इंजिन गाडीत बसवण्याआधी बाहेर एकदा चालवून बघू या,” हे वाक्य मी बोललो. बोलायला नको होतं. पण चेन्नईतल्या मैलापूरच्या माझ्या सासुरवाडीत गेल्या सोळा वर्षांत माझं कुणी फारसं ऐकलेलं नाही. त्यामुळे याही वाक्याला कुणी भीक घालणार नाही, अशा भरवशावर मी बोलून गेलो. आणि नेमकं तेच सगळ्यांनी ऐकलं.

आधी गुन्हा कबूल करतो. सासऱ्यांच्या, म्हणजे राघोत्तमरावांच्या, जुन्या गाडीचं मूळ इंजिन मीच मारलं. चेंगलपट्टूहून येताना समोरच्या काचेमागचा एक काटा हळूहळू वर चढत होता. मला वाटलं, पेट्रोल भरपूर आहे. (काटा वर जातोय म्हणजे प्रगतीच असणार, अशी माझी साधी समजूत.) तो इंजिन तापल्याचं सांगणारा काटा निघाला. तांबरमच्या अलीकडे गाडीने एकदाच ‘खर्र’ केलं आणि कायमचं मौन धरलं.

सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणजे खरोखरच बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी माझ्या बायकोमार्फत व्यवहार करू लागले. मी समोर बसलेला असताना विचारायचे, “श्रीविद्या, ह्यांस कॉफी पाहिजे का?”

मला ते फार लागलं, कारण ती साधी गाडी नव्हती. इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला गाडीत बसवून, हार घालून, नादस्वराच्या, म्हणजे इकडच्या सनईच्या, मागून मिरवत कार्यालयात आणतात. त्याला जानवासम म्हणतात. तंजावरहून आलेल्या या मराठी घराने ही तमिळ चाल कधीतरी उचलली, आणि तेव्हापासून घरातल्या आत्या, पुतण्या, सगळ्यांचे नवरे याच गाडीतून आले. मी मूळचा कऱ्हाडचा, पण मीही त्याच मागच्या सीटवर सुटाबुटात घामाघूम होऊन बसलो होतो. आता धाकट्या मेहुणीचं, नित्याचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि गाडी शेडमध्ये मुकी उभी होती. भाड्याची आणू म्हटल्यावर सासऱ्यांचे डोळे भरून आले. नित्याचा होणारा नवरा विजयेंद्र भाड्याच्या गाडीतून आला असता, तर मी त्या घरात जन्मभर ‘ह्यांस’च राहिलो असतो.

गिंडीचा मेकॅनिक एळुमलै याने पुदुपेट्टैच्या जुन्या मालाच्या बाजारातून अगदी तसंच एक वापरलेलं इंजिन शोधून आणलं. तो ते सरळ गाडीत बसवायला निघाला होता, तेव्हा मी ते वाक्य बोललो.

“करेक्ट सार,” एळुमलै म्हणाला. “आत बसवल्यावर खोट निघाली तर पुन्हा सगळं उतरवायचं. दोन दिवस जातात.”

सासुरवाडीच्या अंगणात मला कुणी ‘करेक्ट’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माझी छाती फुगली, आणि तिथेच घात झाला.

मी विमा कंपनीत आहे, दावे विभागात. गेली वीस वर्षं जळालेल्या, बुडालेल्या आणि उडालेल्या वस्तूंचे कागद वाचतो आहे. त्यामुळे कुठे काय पेटू शकतं, हे मला देवघरात बसूनसुद्धा दिसतं. ही चाचणी मी शास्त्रशुद्ध करायची ठरवली. एळुमलैने चार चाकांच्या लोखंडी स्टँडवर इंजिन नटबोल्टांनी आवळलं, त्यावरच रेडिएटर आणि बॅटरी बसवली, नवं ऑइल भरलं. पंख्याला मी जाळी लावून घेतली. पेट्रोलचा छोटा डबा लांब खिडकीच्या गजाला टांगून तिथून नळी आणली. वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. धूर विषारी असतो, म्हणून रस्त्याकडचं फाटक सताड उघडं ठेवलं. इंजिनाभोवती खडूने मोठं वर्तुळ काढून, ते चालू असताना कुणीही आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सोडला. स्टँडच्या चारी चाकांना विटा लावल्या. शेवटी ऑफिसातून मागून आणलेलं आग विझवायचं नळकांडं बगलेत मारून उभा राहिलो.

“युद्धास निघालेत का हे?” सासऱ्यांनी श्रीविद्याला विचारलं.

वार शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागणार होता, आणि चेन्नईत राहुकाळात माणूस नवा रुमालसुद्धा घडी मोडून वापरत नाही. दहाच्या सुमाराला मी हात धुवायला आत गेलो. तेवढ्यात सासूबाई, सकवारबाई, पूजेचं ताट घेऊन अंगणात आल्या. मी परत येऊन बघतो तो इंजिनाला चंदन, कुंकू, वर मोगऱ्याचा गजरा, आणि ताटातला कापूर पेटायच्या बेतात.

“आई, कापूर नको. पेट्रोल आहे इथे.”

“कापुराविना पूजा कशी हो होईल?”

“फाटकाबाहेरून ओवाळा.”

“तिथून देवास दिसेल का?”

“देवाला सगळीकडून दिसतं.”

सासूबाईंना निरुत्तर करण्याचा योग सोळा वर्षांत प्रथमच आला होता. त्या ताट घेऊन बाहेर जाऊन कापूर ओवाळून आल्या. मी इतका खूश झालो, की खाली वाकून बघायचं राहूनच गेलं.

गाडीच्या पूजेला चाकांखाली लिंबं ठेवतात, हे आपल्याकडेही आहे. मी आत असतानाच सासूबाईंनी स्टँड पाहिला होता. चाकं चार, लिंबं चार. फक्त मध्ये कुणीतरी विटा ठेवलेल्या. त्यांनी त्या उचलून भिंतीशी नीट रचल्या आणि विटांच्या जागी एकेक लिंबू सरकवलं. एळुमलैने हे सगळं पाहिलं होतं. पण चाकाखाली लिंबू दिसल्यावर कुठला मेकॅनिक विटेची चौकशी करतो?

दहा सत्तावीसला त्याने स्विच दाबला आणि नियमाप्रमाणे वर्तुळाबाहेर आला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि लागलं. काय आवाज होता म्हणून सांगू. एकसारखा, गोड. सासऱ्यांनी डोळे मिटून, संगीत सभेत गाणं ऐकताना डोलावतात तशी मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

“एळुमलै, जरा रेस दे,” मी म्हणालो.

त्याने लांबूनच तार ओढली. इंजिन थरथरलं, चारी लिंबं पिचकली, आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेल्या त्या अंगणातून आमचं इंजिन गजऱ्यासकट फाटकाकडे निघालं.

“धरा त्यास,” सासरे म्हणाले.

“वर्तुळात जायचं नाहीये,” श्रीविद्या म्हणाली. (माझा एक शब्द तिने पाळला, तो त्या दिवशी.)

पेट्रोलची नळी ताणली आणि निसटली. एळुमलैने डब्याची तोटी बंद करून सांडलेल्यावर वाळू ओतली. इंजिन मात्र पोटातल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर, मीच उघड्या ठेवलेल्या फाटकातून रस्त्यावर गेलं. शहात्तर वर्षांचे सासरे धोतराचा सोगा धरून त्याच्या मागे, आणि नळकांडं घेऊन मी सासऱ्यांच्या मागे.

नशीब, समोर शहाळीवाली बसते. तिच्या रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात इंजिन घुसलं आणि तिथे आरामात धडधडत राहिलं. सासरे स्विच शोधायला वाकले, तेवढ्यात ढिगातून वाफ उठली. ती ओल्या शहाळ्यांची होती. मला आग वाटली. वीस वर्षांचा अनुभव जागा झाला आणि मी नळकांड्याची पिन ओढली.

राघोत्तमराव म्हणजे कट्टर वैष्णव. कपाळाला गोपीचंदन, भस्माला जन्मात बोट लावलेलं नाही. पांढरा ढग खाली बसला तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत भस्म फासलेल्या बैराग्यासारखे उभे होते. शहाळीवालीने त्यांना भक्तिभावाने हात जोडले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “सार, किती फोडू?”

इंजिन अजूनही चालूच होतं. एळुमलैने धावत येऊन कान लावला आणि मग स्विच बंद केला. “फर्स्ट क्लास सार,” तो म्हणाला. “एअर फिल्टर तेवढा नवा घालू. रस्त्यावरसुद्धा चालवून झालं.”

तीन दिवसांत इंजिन गाडीत बसलं. जानवासमच्या संध्याकाळी, नादस्वराच्या मागून, गॅसवर ठेवलेल्या दुधासारखी हळूहळू ती गाडी कार्यालयाच्या दारात आली. मागच्या सीटवर विजयेंद्र, सुटाबुटात, घामाघूम. एकदाही गचका नाही, आचका नाही. सासरे रडत होते. माझंही नाक वाहत होतं, पण मी धुराचं निमित्त केलं.

मग सासरे माझ्याजवळ आले. माझा हात हातात घेतला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. “तुम्ही बसवण्याआधी चालवून पाहिलंत, हे फार बरें केलंत.”

सोळा वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होतो.

“आम्हांस ही अक्कल तेव्हा असती तर,” सासरे माझा हात तसाच धरून म्हणाले. “थोरल्या जावयाच्या वेळी आम्ही नुसती पत्रिका पाहिली आणि बसवून टाकला.”

मी आधारासाठी श्रीविद्याकडे पाहिलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे बाबा,” ती म्हणाली. “आवाज जरा जास्त करतो, पण चालतोय.”