ताईचा शनी

शनिवारी दुपारी तीन वाजता घड्याळजींनी दुर्बिणीचा नवा आयपीस उघडला. आयपीस म्हणजे डोळा लावायची आखूड नळी. तो उत्तम चालत होता. बुधवारी त्यातून शनीचं कडं दिसलं होतं आणि बायकोनेही ते पाहिलं होतं. तरी त्यांनी तो उघडला, कारण काचेच्या आत धुळीचा एक कण होता.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला आतला कण सहन होत नाही. या घरातला मिक्सर, इस्त्री आणि कुकरची शिट्टी यांतली प्रत्येक वस्तू वापरण्याआधी एकदा सुटी झालेली होती. "आतून पाहिल्याशिवाय वस्तूवर भरवसा ठेवू नये," असं ते म्हणत. "मी थोडक्यात वाचले," असं बायको म्हणे.

दुर्बीण मुलीने निवृत्तीची भेट म्हणून दिली होती. छोटी, नवशिक्यांसाठीची, तिपाईवर उभी राहणारी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' असं छापलेलं. घड्याळजींनी पहिल्याच संध्याकाळी सोबत आलेला सगळ्यात ताकदवान, चार मिलिमीटरचा आयपीस आणि त्यावर तिप्पट करणारी जोडनळी लावली. शनीच्या जागी ओल्या कापसाचा बोळा थरथरत होता.

"लोक शनी टळावा म्हणून धडपडतात," बायको म्हणाली. "तुम्हाला पाचशे पट हवाय."

दुसऱ्या दिवशी ते दुर्बीण काखेत मारून चष्मेवाल्याकडे गेले. तीस वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून होती.

"पत्रिका वाचून लग्नं ठरवतात, खोकं वाचून दुर्बिणी नाही," चष्मेवाला म्हणाला. "पुढची काच सत्तर मिलिमीटरची. हिला फार तर एकशे चाळीस पट पेलतं. त्यापुढे म्हणजे दुधात पाणी. वाढतं, पण दूध नाही."

"मग चार मिलिमीटरचा?"

"एकशे पंच्याहत्तर होतात. शिवाय भोक सुईच्या नेढ्याएवढं. पापणी घासते. बघणार कोण आहे?"

"ताई. शनिवारी येतेय. जाड चष्मा आहे तिला."

"ताई?" चष्मेवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तो शनी?"

त्या शनीची गोष्ट बाजारात सगळ्यांना माहीत होती. चोपन्न वर्षांपूर्वी विज्ञानाच्या मास्तरांनी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण शाळेच्या पटांगणात आणली होती. पोरांची रांग, प्रत्येकाला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ. धाकटा भाऊ, म्हणजे घड्याळजी, पुढे, ताई त्याच्या मागे. धाकट्याने आपले दहा संपवले, ताईचे दहाही संपवले आणि डोळा काढेपर्यंत ढग आला. पुढच्या महिन्यात मास्तरांची बदली झाली. "ढब्बूनं माझा शनी खाल्ला," हे ताईने त्याच्या लग्नात सांगितलं, दुकानाच्या उद्घाटनात सांगितलं आणि निवृत्तीच्या समारंभात माईकवरून सांगितलं.

पोटातली गोष्ट मात्र घड्याळजींनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी त्यांना काहीच दिसलं नव्हतं. वीस आकडे ते स्वतःच्या पापण्या बघत उभे होते. आता दिसेल, आता दिसेल म्हणत हटले नाहीत. मग घरी जाऊन सांगितलं, "मोत्याभोवती सोन्याची तार गुंडाळल्यासारखं दिसतं." चोपन्न वर्षं तेच सांगत आले.

"सहा मिलिमीटरचा घ्या," चष्मेवाला म्हणाला. "रुंद काचेचा. एकशे सोळा-सतरा पट होईल, आणि चष्मा न काढता बघता येईल. आणि घड्याळजी, एक विनंती. उघडू नका."

बुधवारी त्यांना खरं कडं आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. तार वगैरे काही नव्हती. दोन्ही बाजूंना कान असलेला इवलासा कप होता. त्यांनी बाहीने डोळे पुसले तेव्हा बायकोने विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?"

तर शनिवारी तीन वाजता आयपीसमधल्या पाच काचा घड्याळाच्या तबकात ओळीने मांडलेल्या होत्या. साडेतीनला बेल वाजली. ताई पाचला येणार होती.

"आधीची बस मिळाली," ताई आत येत म्हणाली. "वहिनी, ही पिशवी कुठे ठेवू? हे काय, टेबलावर काचांचा बाजार?" आणि घड्याळजी उठेपर्यंत तिने तबक उचलून फ्रीजवर सरकवलं. फ्रीज उंच होता. तबक तिरकं झालं. आत काहीतरी किणकिणलं.

"काय होतं ते?"

"जुनं घड्याळ," घड्याळजी म्हणाले.

चहा होताच ते तबक घेऊन आतल्या खोलीत गेले. घड्याळात प्रत्येक चाकाला एकच जागा असते. चुकीच्या जागी ते बसतच नाही. काचांचं तसं नव्हतं. त्या कुठेही, कशाही, निमूट बसल्या. पाचही आत गेल्या. नळी थोडी खुळखुळत होती.

सात वाजता सगळे गच्चीवर जमले. घड्याळजींनी कमी ताकदीच्या आयपीसने शनी धरला, सहाचा लावला आणि तपासायला वाकले.

"अंहं," ताई म्हणाली. "आज आधी माझी पाळी. आकडे मी मोजणार."

ती वाकली. दहा झाले. वीस झाले.

"ताई, काही दिसतंय का? जरा फिरवू?"

"हात लावू नकोस."

चाळीस झाले. बायकोने घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी तिपाईकडे पाहिलं.

"दिसलं," ताई सरळ होत म्हणाली. "अगदी स्पष्ट. मोत्याभोवती सोन्याची तार."

मागे सरताना तिचा गुडघा तिपाईला लागला. घड्याळजींनी शनी पुन्हा शोधेपर्यंत ढग आला होता.

"चला, फिटलं तुझं," ती म्हणाली आणि जिना उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांना चांगलाच जड लागला.

रविवारी सकाळी ती गेली. सोमवारी चष्मेवाल्याने नळी कानाशी हलवली. "उघडली ना? दोन काचांमध्ये अंतर राखणारी काळी चकती असते. ती कुठाय? आणि ही काच उलटी आहे. यातून शनी सोडा, समोरची भिंतसुद्धा दिसायची नाही."

संध्याकाळी फोन आला.

"ढब्बू, तुमच्या फ्रीजमागे एक काळी चकती पडली होती रे. शनिवारी चहाच्या वेळी उचलली. खिडकीतल्या वाटीत ठेवलीय. सांगायचं राहूनच गेलं."

घड्याळजी खिडकीशी गेले. चकती वाटीत होती.

"आहे," ते म्हणाले.

"बरं, मला एक सांग. तुला तेव्हा शाळेत नक्की काय दिसलं होतं?"

घड्याळजींनी चकती बोटावर फिरवली. "तुला परवा जे दिसलं तेच."

 पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. तो हसण्याचाही असू शकतो.

"पुढच्या शनिवारी येते," ताई म्हणाली. "तोवर उघडू नकोस."

मंगळवारी चष्मेवाल्याने चकती बसवून, काच सुलटी करून आयपीस परत दिला. धुळीचा कण अजून आत आहे. बुधवारी संध्याकाळी सात वाजता आकाश ढगाळ होतं, तरी घड्याळजींनी तो उघडला नाही.