थांबलो की बुडालो

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना!" असं मी साडूंना फोनवर म्हणालो, तेव्हा नुकतंच जेवण झालं होतं. भरल्या पोटी माणूस काहीही बोलतो.

साडू इंद्रजित हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. मुळशीच्या पाण्याकाठी त्यांचा बंगला आणि बंगल्याखाली मोटरबोट. वर्षभरासाठी परदेशी जाताना त्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. या बोटीचं इंजिन आत असतं आणि गिअर-पंखा असलेला पाय मागे बाहेर, पाण्यात. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. त्याच्या सर्व्हिसिंगला माणूस थेट मुंबईहून येतो. मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. पण चौदा व्हिडिओ पाहिल्यावर मला त्या पायात काही विशेष वाटेना.

चार रविवार मी भुकूमहून मुळशीला गेलो. काळंकुट्ट गिअर ऑइल काढलं (निम्मं अंगावर), नवं भरलं, इंजिन आणि पाय यांच्यामधला, पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता फाटला होता, तो बदलला. शेवटी एकही नट उरला नाही. मी तीनदा खात्री केली.

खंडेनवमीला माझ्या बायकोनं, अपूर्वानं, बंगल्यात सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा केली. दसऱ्याच्या सकाळी बंगल्याची देखभाल करणाऱ्या दामूमामांच्या मदतीनं बोट पाण्यात ढकलली आणि आम्ही दोघं निघालो. दोघांनाही पोहता येत नाही. (लाइफ जॅकेटं होती. बंगल्यातल्या कपाटात, अगदी सुरक्षित.)

मधोमध पोचल्यावर मी ऐटीत इंजिन बंद केलं. अपूर्वानं चिवड्याचा डबा उघडला.

"अहो, माझे पाय ओले का होतायत?"

मी खाली पाहिलं. चपला तरंगत होत्या. माझा भाता! माझ्या हातानं बसवलेला भाता गळला! मागचं झाकण उघडलं. भाता ठणठणीत होता. पण तळाशी, पाणी काढून टाकण्याच्या भोकातून, भसाभस पाणी आत येत होतं.

"याचं बूच कुठंय? पितळेचं, छोटंसं!"

"ते होय? तुमच्या पान्यांबरोबरच होतं. पाटावर आहे. हळदकुंकू वाहिलंय."

"अगं, मग आणायचं नाही का?"

"उत्तरपूजा व्हायच्या आधी हत्यारं उचलत नाहीत," अपूर्वा म्हणाली. आणि मग तिचा आवाज चिरकला, "आपण बुडतोय का हो?"

मला मरायचं नव्हतं आणि तिला तर मुळीच मारायचं नव्हतं. चारही बाजूंना नुसतं पाणी. (पंचवीस वर्षांत प्रथमच नुसती आवक चालू होती, जावक शून्य.) दामूमामांना फोन लावला.

"मामा, बोटीच्या भोकातून पाणी येतंय! बूच बंगल्यात राहिलं!"

"आवं मग थांबलाय कशापायी? पळवा! लई जोरात पळवा! बोट पळाया लागली की त्याच भोकातनं पानी मागं भायेर जातंय!"

मला स्कूटरवरही चाळिसाच्या पुढे भीती वाटते. पण इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून (खरंच मिटून) वेगाचा दांडा पुढे ढकलला. बोटीनं नाक वर केलं. पाणी खरोखर उतरलं! मी आनंदानं वेग कमी केला. पाणी परत आलं. पुन्हा पळवली. उतरलं.

"मामा, मग थांबायचं कसं?"

"थांबायचं न्हाई."

पेट्रोलचा काटा खाली चालला होता. अपूर्वा एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरून सगळ्या कुलदेवतांना हाका मारत होती. काठावरचे पर्यटक टाळ्या वाजवत होते, व्हिडिओ काढत होते. एकानं तर "वन्स मोअर" म्हटलं.

चौथ्या फेरीला दामूमामा काठावर दोन्ही हात हलवत ओरडले, "हितं! ह्या चिखलात घाला!"

घातली. मागून 'कडाड' असं काहीतरी झालं, बोट चिखलात अर्धी रुतली आणि थांबली. अपूर्वा जिवंत होती, मी जिवंत होतो. साडूंचा स्टर्नड्राइव्ह, माझे चार रविवार, मागे दगडात मोडून पडला होता. त्यातलं नवंकोरं ऑइल पाण्यावर पसरत होतं.

मला रडूच फुटलं. खिशातून रुमाल काढून मी डोळे पुसायला लागलो. दामूमामा टक लावून त्या रुमालाकडे बघत राहिले.

"सायेब, ह्यो रुमाल खिशातच हुता व्हय?"

"हो. का?"

"मग भोकात कोंबायचा न्हाई का?"

अपूर्वा हळूच माझ्याकडे वळली.

"मामा," मी क्षीण आवाजात म्हणालो, "हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, फडकं कोंबूनबी पानी येतंय, म्हून फोन केलाय. तेवढं काय सांगाया लागतंय व्हय माणसाला?"