घडी कोण मोडणार?

घड्याळाच्या दुकानात जाताना आबा घाटे पितळेचा एक गडू बरोबर नेतात. गडूत गंगेचं पाणी आणि तळाशी दोन बोटं गाळ. दुकानदारानं घड्याळ पुढे करून “बाबूजी, एकदम वॉटरप्रूफ है” असं म्हटलं, की आबा तो गडू काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “कागज पे नहीं, काशी में दिखाओ.”

हेच वाक्य ते माझ्यासाठी मराठीत वापरतात. मी काहीही सांगितलं, म्हणजे बँकेची नवी योजना असो की माझं वजन दोन किलो उतरल्याची बातमी, उत्तर ठरलेलं. “कागदावर नको, ब्यांकबाबू. काशीत दाखव.”

ब्यांकबाबू म्हणजे मी. मिरजेहून बदली होऊन काशीत आलो आणि दूधविनायक मोहल्ल्यात आबांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. पहिल्या दिवशी मी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. आडनाव घाटे, घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. शाळेत कसरतीचे मास्तर होते, निवृत्त होऊन जमाना झाला, पण छाती अजून पुढे आणि शिट्टी अजून खिशात.

घाटे मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथली. घरात मराठीच बोलतात, पण ती इथलं पाणी प्यायलेली. “चाय पिलास का?” “जरा चक्कर मारून येऊ.” “त्यानं आपल्याला ठगलं रे!” मी पडलो मराठी घेऊन बी.ए. झालेला. सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं लाल शाईनं तपासायचो. घडी म्हणजे घड्याळ, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि आपल्याला काशीची मराठी आली असं मी बायकोला, मृणालला, जाहीर करून टाकलं. या विद्वत्तेमुळे पुढे माझा कसा पोपट झाला ते येईलच.

आता घड्याळाचं एवढं काय अडलं होतं, ते सांगतो. आबा रोज पहाटे नावेनं पलीकडे जातात. पलीकडे नुसती रेती. तिथे ते चालतात, जोर मारतात, डुबकी घेतात आणि सूर्य कासराभर वर आला की परततात. हातात घड्याळ नाही, फोन घरी. पौषात एक दिवस असं धुकं पडलं की सूर्य निघालाच नाही. सूर्य निघाला नाही म्हणून आबाही निघाले नाहीत. दुपार झाली. हैदराबादहून त्यांच्या मुलाचे, शिरीषचे, फोनवर फोन. शेवटी मी बँक सोडून नावेत बसलो. आबा सापडले ते रेतीवर, डोकं खाली आणि पाय वर.

“आज पहाट फार लांबली रे,” ते शीर्षासनातूनच म्हणाले.

शिरीष गुणी मुलगा, पण त्या दिवशी तो फोनवर रडकुंडीला आला होता. “आबा, मनगटाला घड्याळ बांधा आणि आठच्या आत घरी या. शिवरात्रीला मी येतोय. तोवर हे झालं नसेल तर तुम्हाला घेऊनच जाणार.” त्याचं घर बाराव्या मजल्यावर. खाली पोहायला तलाव आहे, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. आबा दोन दिवस जेवले नाहीत धड. “तलावात पाणी कुठून येतं, विचार त्याला. टँकरनं!” एवढंच मला म्हणाले. या माणसाची गंगा सुटली तर हा माणूस राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा पाणी, रेती, गाळ सगळ्याला पुरून उरेल असं घड्याळ शोधायचं काम मी अंगावर घेतलं.

आणि या कामातला माझा अधिकार काय? तर काशीत आल्यापासून मी तीन घड्याळांचं वाटोळं केलं होतं. पहिलं, सासऱ्यांनी दिलेलं, दशाश्वमेधाच्या शेवाळलेल्या पायरीवर माझ्याबरोबर आपटलं. मी उठलो, ते उठलं नाही. दुसरं स्मार्ट, पावलं मोजणारं. ते मी गच्चीत काढून ठेवलं आणि माकडानं पळवलं. दोन दिवसांनी शेजारच्या छपरावर सापडलं तेव्हा माझ्या फोनवर अभिनंदनाचा संदेश आला, की आजवरची तुमची ही सर्वोत्तम कामगिरी आहे, असेच चढत राहा. त्यानंतर त्यानं मान टाकली. तिसऱ्याच्या खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं, म्हणून ते घालून मी होळी खेळलो. आत वाफ धरली ती कायमची. ते मी अजून घालतो. वेळ अंदाजपंचे सांगतो.

तर दर रविवारी आमची वरात चौकातल्या दुकानात. पुढे गडू घेऊन आबा, मागे इंटरनेटवरून सगळी माहिती पाठ करून आलेला मी.

“आबा, हे बघा! पन्नास मीटर!” मी पहिल्याच रविवारी ओरडलो.

“गंगा इथे पन्नास मीटर खोल आहे?”

“नसेल.”

“मग हा आकडा कुणासाठी लिहिलाय? माशांसाठी?”

दुकानदारानं मला हळूच समजावलं, की भाईसाब, पन्नास म्हणजे हात धुण्यापुरतं, पोहायचं तर शंभराच्या पुढचं पाहा. मी मान अशी डोलावली, जणू हे मला ठाऊकच होतं.

आबांच्या परीक्षा मात्र कुठल्या इंटरनेटवर नव्हत्या. आधी ते पट्टा बघायचे. “घडी नाही बुडत रे. पट्टा बुडवतो.” चामड्याचा म्हणजे गंगेत कुजणार, नापास. साखळीचा म्हणजे मनगटावरचे केस उपटणार आणि चकाकी बघून माकडं येणार, नापास. मग शाल डोक्यावरून घेऊन आत घड्याळ न्यायचे आणि अंधारात रेडियमचे काटे चष्म्याशिवाय दिसतात का ते बघायचे. एकदा शालीत मलाही घेतलं. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. मग बोटं ओली करून किल्ली फिरवायची, ती स्क्रूसारखी पिळून घट्ट बसते का ते बघायचं, आणि शेवटी गडू. गाळातून वर काढलेल्या घड्याळाची तबकडीभोवतीची फिरती कड ते कानाजवळ नेऊन फिरवायचे. करकर वाजली की नापास. दुकानदारानं आमच्यासाठी एक नमुन्याचं घड्याळ वेगळंच काढून ठेवलं होतं. खानदानी माणूस. माझ्यासारखं गिऱ्हाईक बँकेत आलं असतं तर मी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली असती.

माघात एका रविवारी एक घड्याळ सगळ्या परीक्षा पास झालं. रबराचा पट्टा, ठसठशीत आकडे, गाळातून निघालं तरी टिकटिक चालू. मी तर उडीच मारली. “आबा, हेच!”

आबांनी ते तळहातावर घेतलं. बराच वेळ बघितलं. परत मखमलीवर ठेवलं. “पाहू पुढच्या इतवारी.”

पुढच्या इतवारी तेच. त्याच्या पुढच्या इतवारीही तेच. घड्याळ बघायचं, हातात घ्यायचं, मनगटाला मात्र लावायचं नाही. शिवरात्र तोंडावर आलेली. माझं डोकं फिरलं. परतताना मातीच्या कुल्हडातला चहा पिताना मी विचारलं, “आबा, याआधी कधी घड्याळ घातलंत की नाही?”

“घातल्या की चार-पाच घड्या. शेवटची गंगेनं नेली.” ते थांबले. “माझी एकूण एक घडी आमच्या इंदूनं मोडली.”

इंदूकाकू म्हणजे त्यांची पत्नी. जाऊन पाच-सहा वर्षं झाली. खाली भिंतीवर फोटो आहे, चिमणीएवढ्या बाईचा. ही बाई घड्याळं मोडायची? मला आबांची दया आली. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, “असतो एकेकाचा हात जड.”

“कुणाचा?”

“काकूंचा.”

आबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. “हलका होता रे. म्हणून तर टिकायच्या.”

वय झालं बिचाऱ्यांचं, असं मी मनाशी म्हणालो. घरी जाऊन मृणालला सांगितलं, की काकूंनी आबांची सगळी घड्याळं मोडली होती. तीही चुकचुकली. त्या रात्री जेवताना आम्ही अंदाज करत होतो, की लाटण्यानं की वरवंट्यानं.

शिवरात्रीच्या आधी मृणालच्या बहिणीकडून मिरजेहून पार्सल आलं. त्यात साडी. मृणालनं ती छातीशी धरली. “बघा ना, ताईनं घडी मोडून पाठवलीय.”

“मोडून कशाला पाठवली? नीट पाठवायची,” मी पेपरातून म्हणालो.

“अहो, घडी मोडून! एक दिवस नेसून मग पाठवली. नव्या साडीची घडी मायेच्या माणसानं मोडावी, म्हणजे ती लाभते. एवढंही ठाऊक नाही? मराठीत बी.ए. ना तुम्ही?”

माझ्या हातातला पेपर खाली आला. “मृणाल, आबा म्हणाले होते, माझी एकूण एक घडी इंदूनं मोडली.”

“घडी म्हणाले होते? मग मला घड्याळं मोडली असं का सांगितलंत?”

“शुद्ध करून सांगितलं.”

मृणालनं कपाळावर हात मारून घेतला. मग ती डोळे पुसायला लागली. हात जड म्हणालो होतो मी. वरवंट्यापर्यंत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी शेवटचा रविवार. दुकान तेच, घड्याळ तेच, मखमल तीच. आबांनी ते हातात घेतलं, फिरवलं, ठेवलं. “पाहू...”

“आबा,” मी म्हणालो, “घडी कोण मोडणार, हे अडलंय ना?”

दुकानदार दचकला. “तोड़िएगा क्यों, बाबूजी? इतनी अच्छी घड़ी है!”

आबा त्याच्याकडे बघून हसले आणि तसेच स्टुलावर बसले. “दिवसभर घालायची रे इंदू. चुलीशी, धुण्याला, दर्शनाला. सांजेला स्वतःच्या हातातून काढायची आणि लगेच माझ्या हाती बांधायची. मी म्हणायचो, बाई, दुकानातून आणलेली नवी घडी अशी जुनी का करतेस? तर म्हणायची, गार वस्तू अंगाला लावू नये.” त्यांनी गडूतल्या पाण्यात बघितलं. “आता कोण मोडणार? शिरीष दूर. गार घडी बांधवत नाही मला.”

“मृणाल मोडेल की. तिचा हात...”

“नको. तू मोड.” त्यांनी माझ्या मनगटावरच्या वाफाळलेल्या घड्याळाकडे पाहिलं. “मोडायची म्हटलं तर तुझ्याइतका नामी हात साऱ्या काशीत आहे का?”

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. उजव्या मनगटावर माझं धुकं, डाव्यावर आबांची घडी. अंघोळीला हात पिशवीत बांधला. विश्वनाथाच्या गर्दीत हात उंच धरला, तर मागचा माणूस म्हणाला, भाईसाब, शपथ घेताय का? संध्याकाळी परत द्यायचं ठरलं होतं, पण आबा म्हणाले, नको, उद्या पहाटे घाटावरच बांध. रात्रभर डावा हात उशीवर आणि डोकं गादीवर.

पहाटे आम्ही घाट उतरायला लागलो आणि चौथ्याच पायरीवर माझा पाय सटकला. यावेळी मी डावा हात आकाशाकडे धरून बुडावर आदळलो. पुढच्या दोन पायऱ्याही बसूनच उतरलो. घडी शाबूत. मी मोडलो.

“शाबास!” आबांनी शिट्टी वाजवली. मग माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि हात पुढे केला. मी घडी काढली आणि त्यांच्या मनगटाला बांधली. पट्टा बसता बसेना, तिसऱ्या खेपेला बसला. बांधून झाल्यावर त्यांनी दुसरा तळहात तिच्यावर झाकून धरला.

“गरम आहे रे,” ते म्हणाले. मी गंगेकडे बघत बसलो. दुसरीकडे कुठे बघणार?

शिवरात्रीच्या सकाळी शिरीष आला. हातात बॅग, परतीची दोन तिकिटं. मी आणि मृणाल त्याच्या पाया पडायच्याच बेतात होतो. तोच आठाच्या आत आबा ओल्या धोतरानं दारात उभे. शिरीषनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

“घेतलीत घडी?”

“घेतली. ब्यांकबाबूनं मोडली.”

मिरजेचा कुणीही हे ऐकून हसला असता. शिरीष हसला नाही. त्याचा चेहराच बदलला. तो इथे वाढलेला, त्याला कुणी काही शुद्ध करून सांगायची गरज नव्हती. तो माझ्याकडे वळला. “दिवसभर घातलीत?”

“दिवसभर आणि रात्रभरही.”

“आईनंतर पहिलीच,” तो म्हणाला. बॅग खाली ठेवली, आईच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. संध्याकाळी त्यानं दोनांतलं एक तिकीट रद्द केलं.

मी जिना चढून वर जायला निघालो, तर आबांनी खालून हाक मारली.

“ब्यांकबाबू, ते धुकं काढ आता हातातलं. इतवारी तुझ्यासाठी पाहायला जाऊ.”

“माझ्याकडे नाही टिकत हो, आबा.”

“टिकेल,” आबा म्हणाले. “घडी मी मोडीन.”