एकोणीस सेकंदांची पूर्वतयारी

सव्वाअकराला हॉस्पिटलचा फोन आला आणि बायको गेल्याचे कळले. मी तेव्हा दुकानात एक वजनकाटा उघडून बसलो होतो. फोन ठेवताना दिसले की, दहा वीसला तिचा आवाजी निरोप येऊन पडला आहे. एकोणीस सेकंदांचा. आजारपणात तिने असे चाळीस पाठवले होते. रजया कोणत्या खणात, पाण्याची टाकी कधी धुवायची, असे. ते सगळे मी ऐकले होते. हा एकेचाळिसावा राहिला.

महिन्याभराने मी जावयाला सांगितले. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"असा फोनवर ऐकू नका, बाबा," तो म्हणाला. "फोन आज आहे, उद्या बिघडेल. आपण कॉम्प्युटरसाठी ॲप करू. यादी, तारखा, शोध. आईंचं सगळं व्यवस्थित झालं पाहिजे."

"बोट ठेवलं की वाजतं ते," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," जावई म्हणाला.

त्याने मला समजावले. वेबसाइट बनवतात तसेच बनवायचे, फक्त ती ब्राउझरमध्ये न उघडता स्वतःच्या खिडकीत उघडते.

"मग ब्राउझरमध्येच उघडली तर?"

"मग ते ॲप कसलं, बाबा?"

म्हणून ॲपच्या पोटात एक अख्खा ब्राउझर भरायचे ठरले. दर रविवारी काम चाले. पहिला रविवार साधन निवडण्यात गेला. दुसऱ्या रविवारी लोकांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे तयार तुकडे उतरवून घेतले. एकतीस हजार फाइली झाल्या. मी आयुष्यभर काटे दुरुस्त केले. एका तोळ्यासाठी एवढे मोठे पारडे पाहिले नव्हते. मध्येच पडद्यावर पिवळी सूचना आली, की यातल्या एका तुकड्याचा सांभाळ आता कोणी करत नाही.

"दुर्लक्ष करा," जावई म्हणाला.

मी ती दोनदा वाचली.

चौथ्या रविवारी खिडकी उघडली. पांढरीशुभ्र, रिकामी. वर आवृत्तीचा आकडा होता, शून्य पूर्णांक शून्य एक. आम्ही चहा घेतला. आता फक्त बटण बसवायचे होते. परंतु त्या आठवड्यात बटणे बनवण्याच्या साधनाची नवी आवृत्ती आली आणि आमची खिडकी जुनी ठरली. उभारणी पहिल्यापासून झाली. असे तीनदा झाले.

"बाबा, आई काय म्हणाली असेल, ऐकावंसं नाही वाटत तुम्हाला?" मुलीने विचारले.

"पद्धतशीर चाललंय," मी म्हणालो.

गेल्या रविवारी जावयाने चष्मा काढून डोळे चोळले. "बाबा, खरं सांगू? ॲप राहू दे. फाइल घेतो आणि लावतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि आयकॉन?" मी म्हणालो. "आयकॉनचं अजून ठरलं नाही."

त्याने चष्मा लावला आणि आयकॉनचे नमुने काढले. आम्ही अंधार पडेपर्यंत रंग पाहिले.

तुम्हाला हसू येत असेल. तुमच्याकडेही निवांत, नीट करायचे म्हणून बाजूला ठेवलेले एखादे काम असेल. त्याची तयारी कुठवर आली, हे मी विचारणार नाही.

आमची उभारणी पूर्ण आहे. खिडकी उघडते आणि बंद होते. एकेचाळिसावा निरोप ऐकायचा राहिला आहे.