चौदा नंबरचा माईक

वाटूरच्या ‘तातेराव आणि पार्टी’त तातेराव म्हणजे तातेराव आणि पार्टी म्हणजे त्यांची बायको मालनबाई. पेटीवाले बदलले, ढोलकीवाले बदलले, ही दोघं मात्र तीस वर्षं भीमगीतं गात आली. माईक कायम तातेरावांच्या हातात. मालनबाईंनी मान वाकडी करून जमेल तेवढा आवाज त्यात घालायचा. त्यांचा गळा गोड आहे असं घरचे म्हणत. बाहेरच्या कुणी तो धड ऐकलाच नव्हता.

यंदा त्यांनी हट्टच धरला. “एकदा तरी माझा आवाज मला भोंग्यातून ऐकायचाय. मला माझा माईक पायजे.”

त्यांची मुलगी सुमेधा बदनापूरला शिक्षिका. तीच दोघांना घेऊन जालन्याला राधेश्यामच्या माईक-भोंग्यांच्या दुकानात गेली.

“बिनवायरचा ना? रेंज किती लागंल?” राधेश्यामनं विचारलं.

“पेटीची काळी चार,” तातेराव छाती काढून म्हणाले.

“गळ्याची न्हाई काका, माईकची. डब्यापासून किती लांब जाऊन गाता?”

“लांब कशाला जाऊ? मी काय पळून जाऊन राह्यलो का?”

राधेश्यामनं माईकचा आवाज पकडणारा एक डबा आणि दोन माईक पुढे ठेवले. “हा चौदा नंबरवर चालतो, हा पंधरावर. नंबर बदलायचे न्हाईत. दोन्ही एका नंबरवर आले की एकमेकाचा गळा धरत्यात.”

चौदा ऐकताच मालनबाईंनी माईक उचलला. “चौदा एप्रिलचा. ह्यो माझा.”

तातेरावांनी तोंड वाकडं करून पंधरा नंबरचा उचलला. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण पंधरा नंबरवर गायचं, म्हणजे जयंती उरकल्यावर पोचल्यासारखं, हे त्यांच्या मनाला काही पटेना.

मंठ्याला जयंतीचा कार्यक्रम होता. स्टेजवर चढण्याआधी त्यांनी गुपचूप आपल्या माईकचं बटन दाबलं आणि चौदा आणला. बटन जरा जास्तच दाबलं गेलं आणि नंबराशेजारी कुलपाचं चित्र उमटलं. आता नंबर पक्का झाला, असं समजून ते खूश झाले.

पहिल्याच कडव्याला भोंगे किंचाळले. मग फक्त तातेराव ऐकू आले, मग फक्त मालनबाई. डब्याजवळ जो असेल त्याचाच आवाज लागतो, हे दोघांच्याही लगेच लक्षात आलं. मालनबाई गात गात डब्याकडे सरकल्या. तातेराव त्यांच्या पुढे सरकले. लोकांना वाटलं, म्हातारा-म्हातारी नाचून राह्यलेत. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी तातेराव जवळजवळ डब्यावर बसायच्या बेतात आले तेव्हा सुमेधा धावत वर आली.

“पप्पा, तुमच्या माईकवर चौदा कसा आला?”

“आपसूक आला आसंल.”

“आणि हे कुलूप?”

“तेबी आपसूकच.”

सुमेधानं बटनं दाबून पाहिली, पण कुलूप निघेना. “मंग आता एकच माईक चालंल. कोणता, ते तुम्ही ठरवा.”

माघार घ्यायच्या सवयीनं मालनबाईंचा अंगठा आपलाच माईक बंद करायला गेला. तातेरावांनी ते पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी झटकन आपला माईक बंद केला. ओठ मात्र हलवत राहिले, नाहीतर ही घाबरून गप्प बसली असती.

भोंग्यातून आपला आवाज ऐकून मालनबाई पहिल्या ओळीला दचकल्या. दुसरीला सावरल्या. तिसरीला असा काही सूर लागला की पुढे बसलेली माणसं बोलायची थांबली. इतकी वर्षं तातेराव शेजारी उभे होते, पण त्यांच्या कानात स्वतःचाच आवाज भरलेला असे. आज त्यांनी बायकोचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. त्यांना अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

गाणं संपलं. जयंती समितीचे अध्यक्ष राजानंद हार घेऊन सरळ तातेरावांकडे निघाले. तातेरावांनी त्यांना हातानं थांबवलं, माईक चालू केला आणि बोलायला तोंड उघडलं. भोंगे पुन्हा किंचाळले. लोकांनी कानांवर हात ठेवले.

मालनबाईंनी आपला माईक बंद केला. “बोला आता.”

“मंडळी,” तातेराव म्हणाले, “आत्ता ऐकला तो गळा एकट्या मालनबाईचा व्हता. माझा माईक बंदच व्हता. आजपासून पार्टी तिची. मी आपला कोरसला.”

टाळ्या थांबेनात. मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले, नवऱ्याच्या हातातल्या माईकचं बटन स्वतः बंद केलं, आपलं चालू केलं आणि सगळ्या मंठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“कोरसवाले मागं उभे राहत्यात.”